वेंगुर्ल्यातील एक इंग्रजी वाचनवर्ग आणि एपी लँग्वेजची परीक्षा

माझ्या मुलीने २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील कॉलेज बोर्ड या संस्थेची ‘एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) इंग्लिश लँग्वेज अँड कॉम्पोझिशन’ ही परीक्षा मुंबईच्या केंद्रावर दिली. त्याआधी सप्टेंबर ते एप्रिल असे आठ महिने ती वेंगुर्ल्यातील एका सेवानिवृत्त प्राध्यापिकेच्या घरी भरणाऱ्या वाचनवर्गाला दर शनिवारी आणि रविवारी दोन तास जात होती. कुडाळ, सावंतवाडी आणि मालवणकडून काही पालक या वर्गाबद्दल मला सतत विचारत असल्यामुळे, आणि प्रत्येकाला फोनवर सांगताना काही ना काही राहून जात असल्यामुळे, माझा अनुभव एकदा नीट लिहून काढावा असे वाटले. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकवते. शिकवणे कसे चालते हे पाहण्याची सवय असल्याने बाईंच्या परवानगीने मी दहा-बारा वेळा वर्गाच्या मागच्या बाकावर बसले आहे. या लेखातले बरेचसे त्या बैठकांमधून आलेले आहे.

परीक्षेची माहिती आधी देते, कारण आपल्याकडे ‘इंग्रजीची परीक्षा’ म्हटले की व्याकरण, निबंध आणि पाठ्यपुस्तकातील धडे डोळ्यांसमोर येतात, आणि इथे त्यातले जवळजवळ काहीच नाही. अमेरिकेतील माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलांना महाविद्यालयीन पातळीचा अभ्यास आधीच करता यावा म्हणून एपी अभ्यासक्रम आहेत, आणि त्यांपैकी हा एक. चांगले गुण मिळाल्यास तिकडची अनेक विद्यापीठे पहिल्या वर्षाच्या लेखनाच्या अभ्यासक्रमात सवलत देतात, मात्र किती गुणांना काय द्यायचे हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. परीक्षेचे दोन भाग असतात. पहिल्या भागात एका तासात ४५ बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांना ४५ टक्के वजन असते. दुसऱ्या भागात २ तास १५ मिनिटांत तीन निबंध लिहायचे असतात. त्यातली १५ मिनिटे वाचनासाठी धरलेली असतात आणि या भागाला ५५ टक्के वजन असते. पहिला निबंध दिलेल्या सहा स्रोतांपैकी किमान तीन वापरून आपली भूमिका मांडण्याचा, म्हणजे सिंथेसिसचा. दुसऱ्या निबंधात कोणा लेखकाने किंवा वक्त्याने आपले म्हणणे पटवून देण्यासाठी भाषेत काय काय केले याचे विश्लेषण करायचे असते, म्हणजे तो रेटरिकल अ‍ॅनालिसिसचा. तिसरा निबंध कोणताही स्रोत हाताशी नसताना स्वतःच्या वाचनातून आणि अनुभवातून युक्तिवाद करण्याचा असतो. नेमलेले पुस्तक नसते, त्यामुळे पाठ करण्यासारखे काहीच हाती येत नाही, आणि पाठांतरावर वाढलेली हुशार मुले पहिल्या महिन्यात याच ठिकाणी गांगरतात.

या वर्गाकडे वळण्यापूर्वी आम्ही एक चूक केली होती. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या दिरांनी ही परीक्षा सुचवल्यावर आम्ही घाईघाईने एका मोठ्या शहरातील ऑनलाइन शिकवणीत ४५,००० रुपये भरून मुलीचे नाव घातले. तिथे पहिल्याच आठवड्यात तिला शंभराहून अधिक भाषिक क्लृप्त्यांची यादी आणि निबंधाचा एक साचा मिळाला. प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला एका क्लृप्तीचे नाव लिहायचे, मग अवतरण द्यायचे, मग ‘यामुळे वाचकाच्या भावनांना हात घातला जातो’ अशा अर्थाचे वाक्य टाकायचे. आपल्या मुलांना हे फार ओळखीचे वाटते, कारण नववी-दहावीत आपणच त्यांना उपमा, रूपक, अनुप्रास आणि यमक ओळखायला शिकवतो, ओळखले की गुण देतो आणि पुढे जातो. मीही इतकी वर्षे तेच करत आले आहे. दोन महिन्यांत मुलीला अ‍ॅनाफोरा, अँटिथेसिस, पॅरललिझम ही सारी नावे पाठ झाली, आणि तिचे निबंध मात्र वाचताना एकमेकांपासून वेगळे करता येत नव्हते. पैसे परत मिळाले नाहीत. ते गेल्याचे दुःख आहेच, पण त्याहून अधिक त्या दोन महिन्यांत तिच्या मनात बसलेल्या खोट्या आत्मविश्वासाचे वाटते, कारण तो मोडून काढायला पुढे बराच वेळ द्यावा लागला.

वेंगुर्ल्यातील वर्ग चिऱ्याच्या जुन्या घराच्या पडवीत भरतो. एक फळा, दोन लांब बाके आणि पाच मुले. त्यांपैकी एपी देणारी दोनच होती. बाकीची तिघे चांगले इंग्रजी वाचता यावे एवढ्याच हेतूने येत. पहिल्या दिवशी बाईंनी मुलीची जुनी वही शांतपणे वाचली, एकाही वाक्यावर खूण केली नाही, आणि प्रत्येक परिच्छेदाखाली एकच शब्द लिहिला: ‘कित्याक?’, म्हणजे ‘कशासाठी?’ वर्ग इंग्रजीचा आणि बाईंचे इंग्रजी अत्यंत शुद्ध, तरी हा प्रश्न त्या नेहमी मालवणीतच विचारतात. लेखकाने हा शब्द इथे वापरला, तर कित्याक? हाच माणूस, हाच प्रसंग, समोर हाच ऐकणारा असताना दुसरा शब्द का चालला नसता? आठ महिन्यांच्या शिकवणीचा गाभा माझ्या समजुतीप्रमाणे या एका प्रश्नात होता, आणि वर्गाला मी जे गुण देते ते मुख्यतः त्यासाठी.

हे कसे चालले ते एका उदाहरणाने सांगते. २०१९ च्या एपी प्रश्नपत्रिकेत विश्लेषणासाठी गांधीजींनी १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाच्या तोंडावर व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना लिहिलेल्या पत्राचा शेवटचा भाग दिला होता. ऑनलाइन शिकवणीत मुलीने याच उताऱ्यावर निबंध लिहून शाबासकी मिळवली होती. त्यात पुनरुक्ती, भावनेला आवाहन आणि शब्दनिवड असे तीन परिच्छेद होते. बाईंनी तो निबंध बाजूला ठेवला आणि फळ्यावर फक्त दोन नावे लिहिली: एका बाजूला गांधीजी, दुसऱ्या बाजूला आयर्विन. मग प्रश्न सुरू झाले. हे पत्र हातात घेणाऱ्या माणसाकडे कोणते अधिकार आहेत? त्याला कशाची भीती आहे? स्वतःबद्दल त्याला काय मानायला आवडते? पत्र त्याच्यासाठी आहे, पण पुढे ते आणखी कोण वाचणार आहे? पाऊण तास फळ्यावर भाषेबद्दल एक अक्षरही नव्हते, फक्त माणसे आणि प्रसंग होते. मुले अस्वस्थ झाली होती हे मला मागून दिसत होते, कारण उत्तर लिहून घ्यायची सवय लागलेल्या मुलांना नुसता विचार करत बसणे म्हणजे वेळ वाया गेला असे वाटते.

त्यानंतर उतारा उघडला. मला अटक करून तुम्ही माझा बेत उधळू शकता, असे गांधीजी स्वतःच व्हाइसरॉयला लिहितात. बाईंनी विचारले, समोरच्याच्या हातातले शस्त्र आपणच त्याला दाखवून देतो, कित्याक? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग माझ्या मुलीने चाचरत सांगितले की ते आधीच बोलून दाखवल्यामुळे अटक झाली तरी ती व्हाइसरॉयची चाल उरत नाही, ती गांधीजींनी आधीच हिशेबात धरलेली गोष्ट ठरते, आणि पुढच्याच वाक्यात हजारो लोक काम हाती घ्यायला तयार असतील अशी आशा व्यक्त केल्यामुळे ते शस्त्र बोथट होऊन जाते. बाई म्हणाल्या, आता हे लिही, आणि याला काय नाव आहे ते शोधत बसू नकोस. त्याच उताऱ्यात गांधीजी हे पत्र आपल्या चळवळीवर विश्वास असलेल्या एका तरुण इंग्रज मित्राच्या हातून पाठवत असल्याचे सांगतात. पत्र कोणाच्या हाती पाठवायचे हीसुद्धा बोलण्यातलीच एक निवड असते, हे त्या दिवशी मलाही नव्याने कळले. कोणत्याही यादीत त्या क्लृप्तीला नाव नाही, आणि म्हणूनच यादी पाठ केलेल्या मुलांची नजर तिच्यावरून सरळ घसरून जाते.

प्रश्नपत्रिकेत पत्राचा शेवटच होता, पण बाईंनी पूर्ण पत्र आणले होते. ‘प्रिय मित्र’ अशी त्याची सुरुवात, मग व्हाइसरॉयच्या महिना २१,००० रुपये पगाराची सामान्य भारतीयाच्या उत्पन्नाशी घातलेली तुलना, आणि ती करत असतानाच तुमच्याविषयी माणूस म्हणून मला आदर आहे असे आवर्जून सांगणे, हे सगळे मुलांनी सलग वाचले. मिठावरचा कर गरिबाच्या दृष्टीने सर्वांत अन्यायकारक आहे या विधानाशी आल्यावर चर्चा फार छान रंगली. वर्गातली एक मुलगी शिरोड्याची आहे. तिच्या आजोबांनी मिठागरात काम केलेले. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला होता हे तिला घरून माहीत होते. ती म्हणाली, पेज जेवणाऱ्याला आणि मेजवानी जेवणाऱ्याला मीठ तेवढेच लागते, किंबहुना उन्हात घाम गाळणाऱ्याला थोडे जास्तच लागते, त्यामुळे मिठावरचा कर पैशांच्या मानाने गरिबाकडून अधिक वसूल होतो. इतर कोणताही कर निवडला असता तर हे इतक्या चटकन कोणालाही समजले नसते. अशा रीतीने पुरावा, दावा आणि त्या दोहोंना जोडणारे न बोललेले गृहीतक यांचा धडा पुस्तकातली व्याख्या न सांगता होऊन गेला, आणि व्याख्या नंतर पुढच्या रविवारी आली.

बाईंची पद्धत अशी की आधी ओळखीच्या भूमीवरचे इंग्रजी आणि मग परके. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण त्यांनी सलग तीन आठवडे घेतले. २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतींच्या आयुष्यात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, या भागात बहुतेक मुले विरोधी शब्दांच्या जोड्या मोजून मोकळी होतात. इथे त्यांना विचारले गेले की संविधान स्वीकारले जाण्याच्या आदल्या दिवशी, अभिनंदनाच्या वातावरणात, ज्यांनी ते घडवले त्याच सभासदांसमोर मसुदा समितीचा अध्यक्ष असे का बोलतो. त्यानंतर डिसेंबरात लिंकनचे १८६५ चे दुसरे शपथग्रहण भाषण आले. तोवर मुलांना प्रसंग आधी पाहायची सवय लागली होती, म्हणून अमेरिकन यादवी युद्धाची फारशी माहिती नसतानाही त्यांना जिंकत आलेला नेता विजयाची भाषा टाळतो आहे हे आपणहून दिसले. हा क्रम मला अतिशय योग्य वाटतो. परक्या देशाचा इतिहास आणि परक्या भाषेची वळणे ही दोन्ही ओझी एकाच दिवशी मुलांच्या खांद्यावर टाकली, तर त्यांना त्यातले काहीच धड उचलता येत नाही.

निबंध तपासण्याच्या बाबतीत वर्गाचे विशेष कौतुक करायला हवे. प्रत्येक निबंधाला परीक्षेत ६ गुण असतात. भूमिका स्पष्ट मांडल्याबद्दल १, पुरावा आणि त्यावरील विवेचन यांसाठी ४, आणि विचारातील प्रगल्भतेसाठी १. बाई हेच कोष्टक वापरतात, पण गुण त्या आधी सांगत नाहीत. कॉलेज बोर्ड मागील वर्षांचे प्रश्न, विद्यार्थ्यांची खरी उत्तरे, त्यांना मिळालेले गुण आणि ते का मिळाले याचे स्पष्टीकरण संकेतस्थळावर विनामूल्य ठेवते. बाई ती उत्तरे गुण झाकून छापून आणतात आणि मुलांकडून तपासून घेतात. माझ्या मुलीने सुरुवातीला नावांनी गजबजलेल्या एका उत्तराला पुरावा आणि विवेचनाचे ४ पैकी ४ दिले होते. प्रत्यक्षात त्याला २ होते, आणि स्पष्टीकरण वाचल्यावर तिला कळले की निवड ओळखली आहे, पण ती लेखकाचा हेतू कसा साधते हे सांगितलेलेच नाही. तिच्याच निबंधातली हीच त्रुटी मी तिला कित्येकदा दाखवली होती आणि तिने ती मान्य केली नव्हती. दुसऱ्याच्या निबंधात मात्र ती तिची तिलाच दिसली. विनामूल्य मिळणारे हे साहित्य इतके चांगले आहे की ज्यांना वर्ग परवडत नाही किंवा अंतर जमत नाही, त्यांनी निदान या उत्तरांवर प्रत्येक आठवड्याला दोन तास घालवावेत, असे मी मनापासून सांगेन.

सिंथेसिसच्या तयारीसाठी बाई स्वतः स्रोतांचे संच तयार करतात. आमच्या वेळी एक संच किनाऱ्यावरील पर्यटनावर होता: ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे छायाचित्र, किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेतील एक उतारा, पर्यटकांच्या संख्येचा एक तक्ता, वर्तमानपत्रातील एक लेख, रापण ओढणाऱ्या मच्छीमाराची मुलांनीच घेतलेली मुलाखत आणि घरगुती निवास चालवणाऱ्या एका बाईंचे मनोगत. परीक्षेतही स्रोतांमध्ये चित्र आणि आकडेवारी असते, त्यामुळे हा संच दिसायलाही खऱ्या प्रश्नासारखा होता. मुले आधी पहिला स्रोत काय म्हणतो, दुसरा काय म्हणतो असे सारांश लिहीत गेली. बाईंनी सांगितले की हे सहा जण कोर्टातले साक्षीदार आहेत आणि वकीलपत्र तुमच्याकडे आहे, तेव्हा कोणाला कधी उभे करायचे आणि कोणाची उलटतपासणी घ्यायची हे तुम्ही ठरवा. मच्छीमार आणि निवासवाल्या बाई या दोघांनाही किनारा हवा आहे पण वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या कामासाठी, हे मुलीने जेव्हा एका परिच्छेदात एकमेकांसमोर ठेवले, तेव्हा तिचा तो निबंध पहिल्यांदा मला शेवटपर्यंत वाचावासा वाटला.

तिसऱ्या, म्हणजे युक्तिवादाच्या निबंधात आपल्या मुलांना एक न्यूनगंड आडवा येतो. उदाहरणे अमेरिकेतलीच हवीत, निदान जगप्रसिद्ध तरी हवीत, असे त्यांना वाटते, आणि मग सगळ्यांचे निबंध त्याच चार-पाच थोर व्यक्तींच्या नावांनी भरतात. पूर्वतयारी महत्त्वाची की उत्स्फूर्तता, अशा विषयावर बाईंनी मुलीला दशावताराबद्दल लिहायला लावले. लिखित संहिता नसताना, कथा तेवढी ठरवून, रंगमंचावर उभे राहून संवाद रचणारा दशावतारी नट उत्स्फूर्त असतो की वर्षानुवर्षांच्या श्रवणाने आणि रात्रीमागून रात्री केलेल्या प्रयोगांनी तयार झालेला असतो? लहानपणापासून जत्रेत पहाटेपर्यंत बसून पाहिलेली गोष्ट तिला पहिल्यांदाच पुरावा म्हणून वापरता आली, आणि परदेशी वाचकाला ती समजावी म्हणून दोन वाक्यांत काय सांगायचे आणि काय गाळायचे याचाही तिने विचार केला. मुलीच्या लेखनात त्यानंतर जो मोकळेपणा आला, तो मी स्वतः तिच्या घरच्या वह्यांमध्ये पाहिला आहे.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव बहुपर्यायी प्रश्नांची. ६० मिनिटांत ४५ प्रश्न म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सरासरी ८० सेकंद, आणि त्यातच उतारे वाचायचे. एका पत्रावर दोन आठवडे रेंगाळणाऱ्या या वर्गात वेगाचा सराव जवळजवळ होतच नाही. शिवाय त्या ४५ मध्ये साधारण निम्मे प्रश्न वाचनाचे नसून लेखनाचे असतात. विद्यार्थ्याने लिहिलेल्या कच्च्या मसुद्यासारखा उतारा देऊन, इथे कोणते वाक्य घालावे, हे वाक्य ठेवावे की काढावे, दोन वाक्ये कशी जोडावीत, असे विचारलेले असते. या प्रकारावर आठ महिन्यांत केवळ तीन बैठका झाल्या. उताऱ्यांची निवडही जुन्या भाषणांकडे झुकलेली आहे. आजच्या लेखकांचे विज्ञान, निसर्ग, शहरे किंवा स्वतःच्या आयुष्याविषयीचे गद्य परीक्षेत येते, आणि वर्गात ते फार कमी वाचले गेले. जानेवारीत घेतलेल्या सराव परीक्षेत मुलीचे बारा प्रश्न वेळेअभावी राहिले, तेव्हा आम्ही घरी रोज घड्याळ लावून एक उतारा सोडवण्याचा नेम सुरू केला. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, ही साधी गोष्टसुद्धा तिला तोवर कोणी सांगितलेली नव्हती.

दुसरी उणीव टंकलेखनाची. २०२५ पासून ही परीक्षा संपूर्णपणे संगणकावर, ब्लूबुक नावाच्या अ‍ॅपमध्ये होते, आणि तिन्ही निबंध टाइप करून लिहायचे असतात. वर्गात मात्र फेब्रुवारीपर्यंत सगळे लेखन वहीतच चालले. हाताने लिहिल्याने विचार नीट होतो हे बाईंचे म्हणणे मला शिक्षिका म्हणून पटते, पण दोन तासांत तीन निबंध टाइप करणाऱ्या बोटांना वेगळी सवय लागते, आणि ती शेवटच्या दोन महिन्यांत लावताना मुलीची फार ओढाताण झाली. हे मी बाईंना स्पष्टपणे सांगितले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. ब्लूबुक घरच्या लॅपटॉपवर आधीच उतरवून घेता येते आणि त्यात परीक्षेचे स्वरूप दाखवणारा सरावही असतो. मोबाईलवर ते चालत नाही. परीक्षा सुरू झाल्यावर मध्येच नेट गेले तरी लिहिलेले नाहीसे होत नाही, सुरुवातीला आणि शेवटी उत्तरे पाठवताना मात्र जोडणी लागते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज आणि रेंज यांचा काही भरवसा नसल्यामुळे मुलगी या एका गोष्टीला फार घाबरत होती, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

निबंध तपासून मिळायला कधीकधी दोन आठवडे लागले, कारण बाई प्रत्येक ओळ स्वतः वाचतात आणि त्यांना मदतनीस नाही. फी आठ महिन्यांची १२,००० रुपये होती आणि ती दोन हप्त्यांत घेतली. कामाच्या मानाने मला ती कमीच वाटली.

परीक्षेचे केंद्र, प्रवास आणि नोंदणी यांची जबाबदारी वर्ग घेत नाही, ती पूर्णपणे पालकांची आहे. मे महिन्यातील परीक्षेसाठी केंद्राशी बोलणी आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच पुरी करावी लागतात, आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांना घेणारी केंद्रे मोजकी असतात. कोकण रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. मे महिन्यात चाकरमानी आणि आंबा दोन्ही एकदम प्रवासाला निघत असल्याने त्याच दिवशी सकाळी तिकीट काढले नाही तर पुढे मिळत नाही. आम्ही सावंतवाडीहून तुतारी एक्स्प्रेसने दोन दिवस आधी गेलो. घरी आंब्याच्या पेट्या भरण्याची घाई चालू असताना माझ्या यजमानांना बाग सोडून येता आले नाही, याची रुखरुख मुलीला आणि मलाही लागून राहिली. एका रात्रीच्या प्रवासानंतर लगेच सव्वातीन तास बसणे मुलांच्या प्रकृतीला झेपत नाही, म्हणून किमान एक दिवस मुक्कामाचा धरावाच.

जुलैत निकाल लागला. पाचपैकी चार गुण मिळाले. ५ मिळाले असते असे मुलीला वाटते, आणि बहुपर्यायी भागात ती कमी पडली असावी असा माझा कयास आहे. विश्लेषणाच्या निबंधानंतर केंद्राबाहेर आल्यावर तिने मला उताऱ्यातली माणसे कोण होती, कोणापुढे काय बोलली आणि का, हे दादरपर्यंत टॅक्सीत सांगितले. एकाही क्लृप्तीचे नाव तिने घेतले नाही.

ज्या मुलांना इंग्रजी वाचायची मुळात गोडी आहे पण वाचलेल्यावर बोलायचे कसे हे कळत नाही, त्यांच्यासाठी हा वर्ग मी निःसंकोचपणे सुचवेन, मग ती एपी देणार असोत वा नसोत. ज्यांच्या हातात तीन-चार महिनेच आहेत आणि फक्त गुण वाढवायचे आहेत, त्यांना इथली संथ गती सोसणार नाही. आणि जे नाव घालतील त्यांनी दोन कामे पहिल्या दिवसापासून घरी सुरू करावीत: रोज घड्याळ लावून एक उतारा सोडवणे आणि आठवड्यातून एक निबंध लॅपटॉपवर टाइप करणे.

यंदाचा वर्ग गणपती गेल्यावर सुरू होत आहे. जागा सहाच आहेत. प्रवेशासाठी परीक्षा नाही, पण मुलाने स्वतः निवडलेले कोणतेही एक इंग्रजी पान सोबत आणायचे आणि तेच का निवडले हे बाईंना तोंडी सांगायचे असते. महिन्यातला शेवटचा रविवार त्यांनी या वर्षीपासून संगणकावरील लेखनासाठी राखून ठेवला आहे, आणि आमचा जुना लॅपटॉप सध्या त्यांच्या पडवीत आहे.